फुरशाची पापणी

सुगंधा घाडी आंब्याच्या कलमांच्या बुंध्याभोवतीचं गवत कापत होती. पावसाळा संपून तीनच आठवडे झाले होते, पण सड्याच्या माळावरचा जांभा दगड आत्ताच तापायला लागला होता. सकाळचे आठ वाजून गेले असतील. तिने डाव्या हाताने गवताची मूठ धरली, विळा ओढला आणि हात झटकन मागे घेतला.

“चावला,” ती म्हणाली. सुईत दोरा ओवताना बोटाला टोचावं, इतक्याच सुरात.

विळ्याच्या टोकाने तिने दगड बाजूला सारला. खाली वीतभर फुरसं वेटोळं घालून अंगावरचे खवले एकमेकांवर घासत करकरत होतं. सुगंधाने त्याच्याकडे पाहिलं, कमरेच्या पिशवीतून अंगठ्याएवढं जाड निळं पेन काढलं, झाकण दातांनी उपटलं, लुगडं वर करून पेन उघड्या मांडीवर दाबलं आणि मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजले. मग पेन पिशवीत टाकून तिने पुन्हा विळा उचलला.

“गो, बस जरा हंय,” सहा फुटांवर चहाचा पेला घेऊन उभ्या असलेल्या कुमुदताई म्हणाल्या.

“कित्याक बाईनू? पेन घेतलंय मा. ह्यो कोपरो कापून होतलो आता.”

“फुरसा चावला तुका!”

“चावांदे. गेल्या म्हयन्यात आमच्या जावेक मण्यार चावली. पेन मारल्यान नि दुपारी भात कापूक गेली.” सुगंधा हसली. “तुमच्या येळेक फुरसा असायचा. आता काय, गांधीलमाशी.”

डॉ. कुमुद तिरोडकर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांच्या वेळेला ह्याच सड्यावर फुरसं चावलं की माणसाला बाजल्यावर घालून चौघे धावत निघायचे. रुग्णालयात घोड्याच्या रक्तापासून केलेल्या लशीच्या दहा-दहा, पंधरा-पंधरा बाटल्या चढवाव्या लागत. चार दिवस लघवीतून रक्त, मग कधी घर, कधी नाही. ते दिवस चांगले होते असं त्यांनी कधीच म्हटलं नसतं. निर्विष पेन ऑगस्टमध्ये जिल्ह्यात आलं, तेव्हा त्यांनी स्वतः वाडीतल्या बायकांना बसवून ते कसं धरायचं हे शिकवलं होतं. दहा आकडे मोजायला त्यांनीच सांगितलं होतं.

सव्वा तासाने सुगंधा पाणी प्यायला पडवीवर आली. तिने चूळ भरून अंगणात टाकली. पाणी गुलाबी होतं.

“तोंड उघड,” कुमुदताई म्हणाल्या.

“मशेरी जोरात लावलंय सकाळी, म्हणान असात.”

“तोंड उघड म्हटलंय!”

हिरड्यांच्या कडेने बारीक लाल रेघ उमटली होती. पुसली की पुन्हा उमटत होती. चावलेल्या बोटाच्या दोन ठिपक्यांतूनही रक्त येत होतं, थांबत नव्हतं, आणि मनगट फुगलं होतं. कुमुदताईंनी गाडीची किल्ली घेतली. विळा पडवीवरच राहिला.

ग्रामीण रुग्णालय अकरा किलोमीटरवर होतं. तिथले डॉ. फय्याज मुकादम पस्तिशीचे, बारीक चणीचे, सतत घाईत असलेले गृहस्थ. सुगंधाचा हात पाहताच त्यांची घाई थांबली. त्यांनी रक्त काढलं, पण ते सरकारी प्लास्टिकच्या नळीत न भरता स्वतःच्या खणातल्या काचेच्या एका जुन्या कुपीत ओतलं आणि घड्याळ लावलं.

“प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही,” ते म्हणाले. “काचेत गोठतं. वीस मिनिटं हलवायचं नाही.”

“मला माहीत आहे,” कुमुदताई म्हणाल्या.

वीस मिनिटं दोघंही त्या कुपीकडे बघत राहिले. मग डॉक्टरांनी ती तिरकी केली. निरोगी माणसाचं रक्त अशा वेळी दह्यासारखं बसलेलं असतं. सुगंधाचं रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहत गेलं.

फुरशाचं विष रक्तातल्या गोठवणाऱ्या द्रव्यांना फसवतं. ती नको तिथे, नको तेव्हा, रक्तवाहिन्यांतल्या बारीकसारीक गुठळ्यांमध्ये खर्ची पडतात. मग जेव्हा खरोखर गोठायची वेळ येते तेव्हा रक्ताकडे काही उरलेलं नसतं. हिरड्या, आतडी, मेंदू, कुठूनही ते निघून जाऊ शकतं.

डॉक्टरांनी पेनमधली चकती संगणकाच्या वाचकावर ठेवली. पडद्यावर ओळी आल्या: टोचण्याची वेळ आठ वाजून बारा मिनिटं. मात्रा पूर्ण. उपाय परिणामकारक. रक्तस्रावाचं अन्य कारण शोधावं. संभाव्य कारण: वापरकर्त्याची चूक, कपड्याच्या घड्यांवरून टोचणे.

“कपड्यावरून?” कुमुदताईंचा आवाज चढला. “मी सहा फुटांवर उभी होते! उघड्या मांडीवर टोचलं तिने. दहा आकडे मोजले. माझ्यादेखत.”

“मॅडम, हळू.”

“हळू कशाला? जुनी लस काढा.”

“जुनी लस नाही. पेन आल्यावर सगळा साठा परत मागवून नष्ट केला. तसं प्रमाणपत्र घेतलं आमच्याकडून.” डॉक्टर खाली बघून बोलत होते. “ही नववी केस आहे, मॅडम. ऑगस्टपासून. सगळी फुरशीच.”

“आणि आधीचे आठ?”

“तिघं गेले. पडद्यावर हेच यायचं. मी... मी नातेवाइकांना तेच सांगितलं. नीट टोचलं नाही म्हणून.”

“मेलेल्या माणसाच्या बायकोला तुम्ही सांगितलंत की चूक त्याची होती?”

“दुसरं काय सांगणार होतो? नव्व्याण्णव टक्के खात्री लिहिलेली असते तिथे.”

त्यांच्यावर ओरडून उपयोग नव्हता. सुगंधा पलंगावर बसून दुसऱ्या हाताने पदर सारखा करत होती आणि नर्सला गवताचे किती भारे झाले ते सांगत होती. अजून काही तास तिच्याजवळ होते. संध्याकाळपर्यंत, कदाचित.

कुमुदताईंनी पेनच्या खोक्यातला घडीचा कागद मागवला. अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत, कोणत्या सापावरचं औषध प्रथिनाच्या कोणत्या रचनेवर बेतलं आहे त्या नोंदींचे क्रमांक होते. त्यांनी फुरशाचा क्रमांक फोनवर शोधला. नोंद सापडली. फुरसं, पश्चिमेकडच्या वाळवंटातलं. अतिशय स्पष्ट चित्र, अणू न् अणू मोजता येईल असं. कोकणातल्या फुरशाची नोंद शोधली. ती नव्हती.

ती असायला हवी होती. ती त्यांचीच होती.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी ह्याच सड्यावरच्या फुरशांचं विष काचेच्या बशीत गोळा करून त्या पुण्याला घेऊन गेल्या होत्या. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, एवढं तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. मणी कोणते आणि कोणत्या क्रमाने, हेही काढता येत होतं. पण माळ सरळ नसते. ती स्वतःवरच दुमडते, वळसे घेते, आणि त्या दुमडण्यातून जी खोबण तयार होते तीच विषाचं काम करते. त्या खोबणीचा आकार कळल्याशिवाय तिच्यावर इलाज नाही. आकार पाहायचा तर प्रथिनाचे स्फटिक हवेत. काचेच्या चकतीवर थेंब उलटा टांगून ठेवायचा आणि वाट बघायची. तळघरात वीज जायची, तापमान बदलायचं, स्फटिक विरघळायचे. शेवटी त्यांनी बाजारातून माठ आणले आणि थेंबांच्या पेट्या ओल्या माठांत ठेवल्या. सतराव्या महिन्यात मिठाच्या कणाएवढा एक स्फटिक धरला. क्ष-किरणांत तो दोन दिवस टिकला. मग त्यांनी पारदर्शक पत्र्यांवर एकेक थरातल्या अणूंच्या ढगांचा नकाशा काढून पत्रे एकावर एक रचले आणि पितळी तारेचा सांगाडा वाकवत वाकवत त्या ढगांत बसवला. सव्वादोन वर्षं. एका प्रथिनाला.

आणि त्या सांगाड्यात खोबणीच्या तोंडावर एक वळसा होता. चारच मणी वेगळे, पण त्यामुळे माळेचा एक पदर पापणीसारखा खोबणीवर ओढलेला. दुसऱ्या कुठल्या फुरशात तो नव्हता. परीक्षकांनी लिहिलं होतं की चित्र धूसर आहे, हा वळसा नसावा, नकाशातली खळबळ असावी. कुमुदताईंनी वळसा काढायला नकार दिला होता. शोधनिबंध वर्षभर अडकला, पण वळशासकट छापून आला.

त्यांनी पुण्याला निरंजन साठयेला फोन लावला. त्यांचा शेवटचा विद्यार्थी. त्यांच्या खोलीतल्या पितळी सांगाड्यावरची धूळ पुसण्यापासून त्याची सुरुवात झाली होती. आता तो रेणुरचना केंद्राचा संचालक होता, आणि ‘घडीकार’ हा संगणक-कारागीर त्याच्याच हाताखाली वाढला होता. मण्यांचा क्रम दिला की घडीकार तीन मिनिटांत माळेची घडी सांगायचा आणि अर्ध्या तासात तिच्या खोबणीत बसणारी खुंटी घडवून द्यायचा. निर्विष पेनमध्ये अशाच खुंट्या होत्या, एकेका सापाच्या विषासाठी एकेक.

“मॅडम! किती दिवसांनी!”

“निरंजन, माझी नोंद कुठे आहे?”

“कुठली नोंद?”

“कोकणातलं फुरसं. नाटक करू नकोस, तू ती पाठ म्हणायचास.”

कळफलकाचा आवाज आला. “ती विलीन झाली, मॅडम. शहाण्णव टक्के सारखी होती. पंच्याण्णवच्या वर साम्य असलं की आपण एकच प्रतिनिधी नोंद ठेवतो, सगळ्यात स्पष्ट असलेली. बाकीच्या काढून टाकतो. नाहीतर घडीकार त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा शिकत बसतो.”

“हा नियम कोणी केला?”

“...मी.”

“आणि विष कुठून आणलं ते नोंदीत लिहायचे रकाने? गाव, महिना, पकडणाऱ्याचं नाव? मी तुला तीनदा कार्ड परत लिहायला लावलं होतं, गाव राहिलं म्हणून.”

“ते रकाने घडीकारला लागत नाहीत.”

“नाही लागत! इथे एक बाई बसली आहे माझ्यासमोर. चौतीस वर्षांची. तुझी खुंटी तिच्या अंगात दोन तास फिरते आहे आणि तिला आत शिरायला जागा नाही, कारण खोबणीवर पापणी आहे. ती पापणी मी सव्वादोन वर्षं घालवून पाहिली होती, आणि तू ती खोडलीस. शेंबडासारखी पुसून टाकलीस!”

“मॅडम, ते चित्र धूसर होतं. तो वळसा वादग्रस्त—”

“तिचं रक्त वादग्रस्त नाही. कुपी तिरकी केली की वाहतंय.”

पलीकडे कुणीतरी बैठकीची आठवण करून दिल्याचं ऐकू आलं.

डॉ. मुकादमांनी मध्येच हात वर केला. ते मघापासून दुसऱ्या फोनवर होते. “गोव्यात जुनी लस आहे, मॅडम. त्यांनी पेन अजून घेतलेलं नाही. वीस बाटल्या देतो म्हणतात, दोन तासांत हद्दीवर आणून. पण दुसऱ्या राज्याला द्यायची तर पेन निकामी ठरल्याचा दाखला हवा. आणि मी तो भरायला गेलो की पडदा लाल होतो. वापरकर्त्याची चूक म्हणून नाकारतो. वरचा अधिकारी दाखला देऊ शकतो, नाहीतर...” त्यांनी कुमुदताईंच्या फोनकडे बोट केलं. “ज्यांनी औषध बेतलं ते.”

“ऐकलंस?” कुमुदताई म्हणाल्या.

“ऐकलं,” निरंजनचा आवाज बारीक झाला. “मॅडम, मी तो दाखला दिला की पेन राज्यभर थांबतं. आपोआप. नाग, मण्यार, घोणस, सगळ्यांवर ते उत्तम चालतंय. ह्या वर्षी साडेचारशे माणसं वाचली आहेत. मी उद्या समितीपुढे मांडतो. फक्त तुमच्या जिल्ह्यापुरतं काही करता येईल का ते—”

“उद्या?”

“एका केसवरून—”

“नऊ. तिघं मेले. आणि त्यांच्या बायकांना सांगितलं की चूक त्यांची होती.”

“ते मला माहीत नव्हतं.”

“कसं असणार? ज्या रकान्यात ते लिहायचं तो रकानाच तुम्ही ठेवला नाहीत. घडीकार कधी चुकतच नाही, कारण चुकलेला प्रत्येक माणूस तुम्ही बाजूला काढून ठेवता.” कुमुदताई सुगंधाच्या पलंगाशी गेल्या. “मला नको सांगूस उद्या. तिला सांग.”

त्यांनी फोन सुगंधाच्या कानाशी धरला.

सुगंधाला एवढं मोठं कोण बोलतंय ते कळलं नव्हतं. तिच्या डोळ्याच्या पांढऱ्यावर एका बाजूला लाल डाग पसरला होता. “हॅलो,” ती म्हणाली. “साहेबानू, मी धा आकडे मोजलंय. पेनार तसा लिवलेला हा, तसाच केलंय. माजी चूक नाय.” तिने फोन कुमुदताईंच्या हातातून घेऊन जरा लांब धरून पाहिला आणि पुन्हा कानाला लावला. “बाईनू आमका शिकवल्यानी. इच्यारा त्येंका.”

नर्सने ओल्या कापसाने सुगंधाचं बोट पुन्हा बांधलं.

“देतो,” निरंजन म्हणाला. “आत्ता देतो.”

चार मिनिटांनी डॉक्टरांच्या पडद्यावरचा लाल रंग गेला.

गोव्याची गाडी हद्दीवर आली तेव्हा मुकादमांची रुग्णवाहिका तिथे उभीच होती. दोन वाजता पहिली बाटली लागली. घोड्याच्या रक्तातल्या लशीत एकच खुंटी नसते. शेकडो तऱ्हेचे हात असतात, कुणी पाठीला धरतो, कुणी मानेला. खोबणीवर पापणी असली तरी त्यांचं फारसं अडत नाही. अंगावर पुरळ उठलं, थंडी भरली, जुन्या काळी उठायचं तसंच. बारा बाटल्या गेल्या. संध्याकाळच्या कुपीतलं रक्त अजून पातळ होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी कुपी तिरकी केली तेव्हा ते हललं नाही. उलटी केली तरी हललं नाही.

मूत्रपिंडांना मात्र मार बसला होता. लघवी कोकमाच्या आगळासारखी गडद लाल येत होती. जिल्ह्याला नेऊन काही दिवस यंत्रावर रक्त धुवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पेन टोचून ती सव्वा तास गवत कापत राहिली नसती, तर कदाचित लागलं नसतं. सुगंधाने विचारलं ते एवढंच, की यंत्र दुखतं का.

तिला रुग्णवाहिकेत बसवून आल्यावर मुकादमांनी आधीच्या आठ जणांचे कागद काढले. त्यांच्यासमोर कोरा कागद होता आणि ते पेनाने, हाताने, पत्र लिहीत होते. पहिलं पत्र मेलेल्यांपैकी एकाच्या बायकोला होतं. तीन ओळी लिहून खोडल्या होत्या.

कुमुदताई घरी परतून पडवीत बसल्या तेव्हा निरंजनचाच फोन आला. तो रात्रभर झोपलेला नव्हता, हे आवाजावरून कळत होतं.

“तुमचा निबंध ग्रंथालयातून काढला, मॅडम. त्यातले आकडे हाताने भरले. घडीकारने नवी खुंटी दिली. पापणीखालून शिरते. चाचण्या धरून सहा आठवडे.”

“बरं.”

“दाखल्याने पेन थांबलं. सगळीकडे. काल घोणस चावलेला एक जण सांगलीकडे दगावला. पेन असून टोचता आलं नाही.”

कुमुदताईंनी डोळे मिटले. तो माणूसही आता त्यांच्या वाट्याला आला होता. तरी राग ओसरला नाही. रागाला आता कुठे बसायचं ते मात्र कळेना.

“निरंजन, त्या नियमाने एकूण किती नोंदी काढल्या?”

“काल मोजल्या. दोन लाख चौदा हजार.”

“सगळ्या विषांच्या?”

“नाही. विषाच्या थोड्या. बाकी जंतूंच्या. पिकांच्या. आणि माणसांच्या प्रथिनांच्या, मॅडम. माणसामाणसांत तर फरक एक टक्क्याचाही नसतो. त्यामुळे त्या जवळजवळ सगळ्याच विलीन झाल्या. प्रत्येक प्रथिनाला एकच माणूस ठेवला. गेली अकरा वर्षं सगळी औषधं त्याच्याच मापाने बेतली जातात. रक्तदाबाची, साखरेची, कर्करोगाची.”

समोर अर्धवट कापलेलं गवत वाऱ्यावर हलत होतं. कुमुदताई सकाळी घेतलेली आपली रक्तदाबाची गोळी आठवत होत्या, आणि सुगंधाच्या सासूची साखरेची सुई, आणि वाडीतल्या प्रत्येक घरातल्या फळीवरची ती पांढरी खोकी, ज्यांचा गुण आला नाही की लोक म्हणत, आपणच वेळेवर घेतलं नसेल.

“तो एक माणूस,” त्यांनी विचारलं, “कुठला आहे, निरंजन?”

कळफलकाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“तो रकाना नाही, मॅडम.”